गॅस, पेट्रोल, बंद

पेट्रोल

"गॅसवरचा देऊ की पेट्रोलवरचा?" दुकानदाराने विचारलं, आणि मापकाका रिकाम्या हाताने घरी परत आले.

मधे फार काही घडलं नाही. "दोन्हींत चांगला कुठला?" असं काकांनी विचारलं होतं आणि दुकानदार पेन कानावर ठेवत म्हणाला होता, "दोन्ही चांगले." बस, एवढंच. पण मापकाकांची सगळी नोकरी वजनमापे खात्यात तराजू तपासण्यात गेली होती, म्हणून तर सारी इमारत त्यांना मापकाका म्हणायची. दोन पारडी कधी आपण होऊन सारखी नसतात, आणि जिथे ती सारखी दिसतात तिथे एकाच्या बुडाशी काहीतरी चिकटवलेलं असतं, हे त्यांचं अनुभवाने बनलेलं तत्त्वज्ञान होतं. 'दोन्ही चांगले' म्हणणाऱ्या दुकानदाराकडे ते पूर्वी दुसऱ्या दिवशी न सांगता पुन्हा जात असत. आता जायचा अधिकार उरला नव्हता. दुसऱ्या दिवशीही ते गेले, पण गिऱ्हाईक म्हणून, आणि गिऱ्हाईकाला कुणी घाबरत नाही.

जनरेटर हवा होता घरगाडीसाठी. घरगाडी म्हणजे मोटारीमागे जोडून ओढत न्यायची चाकांवरची खोली. आत एक पलंग, एक बेसिन, हातभर फ्रीज, छताला पंखा आणि कोपरे अनेक, त्यांतला प्रत्येक डोक्याला लागेल अशा उंचीवर. काकूंच्या धाकट्या भावाने ती हौसेने घेतली, एकदा वापरली आणि मग "ताई, ही तुलाच शोभेल" म्हणून बहिणीच्या इमारतीखाली आणून उभी केली. त्याच्या इमारतीत गाडी लावायला जागा नव्हती, हे नंतर कळलं.

काकूंनी मात्र तिच्यात एकच गोष्ट पाहिली: दार लावता येतं. काकू मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर होत्या. दिवसभर कानाला यंत्र लावून, रडणाऱ्या, ओरडणाऱ्या, चुकीचा नंबर लावून वर भांडणाऱ्या जगाला त्यांनी "कोणता विभाग हवा आपल्याला?" असं शांतपणे विचारलं होतं. निवृत्त झाल्यावर शांतता मिळेल असं त्यांना वाटलं होतं. पण निवृत्त तर मापकाकाही झाले, आणि त्यांचं सगळं बोलणं घरी आलं. त्यात आता महिनाअखेरीला लेक, जावई आणि दोन नातू राहायला येणार होते, नव्या घराचं काम पूर्ण होईपर्यंत. 'काम पूर्ण होईपर्यंत' म्हणजे किती दिवस, हे ठेकेदार सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. थोरल्या नातवाकडे ड्रम होता. धाकट्याला ड्रमची गरज पडत नसे.

"ती सगळी यायच्या आधी," काकू म्हणाल्या, "दोन दिवस. एखाद्या तळ्याकाठी. मला काही नको. फक्त कुणाचा आवाज नको."

"पंखा तर लागेलच."

"मला नाही लागत."

"फ्रीज?"

"डबे घेते मी करून."

"आणि रात्री उजेड?"

"टॉर्च आहे."

यावरून काकूंना जनरेटर हवा आहे असा निष्कर्ष मापकाकांनी काढला. पंख्याशिवाय झोप लागत नाही असा घरात एकच माणूस होता, आणि तो काकू नव्हत्या. पण यंत्र बायकोसाठी घेतलं की माणसाला जी उंची येते, ती स्वतःसाठी घेताना येत नाही.


गॅस

काकांची मोठी चूक ही की त्यांनी जिन्यात विचारलं. जिन्यात विचारलेला प्रश्न पुन्हा आपल्या मालकीचा राहत नाही.

"पेट्रोल!" पहिल्या मजल्यावरचे कर्नल म्हणाले. कर्नल सैन्यात नव्हते. सैन्याचे गणवेश त्यांच्या लाँड्रीत धुवायला येत. पण इतकी वर्षं ते कपडे हाताळल्यावर काहीतरी अंगात उतरतंच. "पेट्रोलमध्ये जोर असतो, जोर! तुमचा गॅस म्हणजे आजारी माणसाचा खोकला."

"पेट्रोल साठवलं की शिळं होतं," खालून भाजी घेऊन आलेल्या मास्तरीणबाई म्हणाल्या. त्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत. "यंत्रात चिकट थर धरतो. चार महिने ठेवलंत की बसा दोरी ओढत. गॅस वर्षानुवर्षं जसाच्या तसा राहतो. काका, गॅसच घ्या."

"गॅस गळतो!"

"पेट्रोल सांडत नाही वाटतं?"

"सांडलेलं दिसतं तरी. गळलेला कुठे दिसतो?"

"गळलेल्याचा वास येतो."

"तुम्हाला येत असेल. मला बारा महिने सर्दी असते."

मापकाका दोघांच्या मधल्या पायरीवर उभे होते आणि दोन्ही बाजूंना मान हलवत होते. आठवडाभरात इमारतीत गॅसवाले आणि पेट्रोलवाले असे दोन पक्ष पडले. ज्यांच्याकडे मोटार सोडा, सायकलही नव्हती, त्यांचीही मतं ठाम होती. उलट त्यांचीच जास्त ठाम होती. सेक्रेटरी कुठल्याच पक्षात नव्हते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की ही घरगाडी इथून हलणार कधी?

हाच प्रश्न काकूही विचारत होत्या, पण हळू आवाजात. म्हणून तो ऐकू गेला नाही.


पुन्हा पेट्रोल

आधी इंधन मिळतं का ते पाहावं, मग यंत्र घ्यावं, असं मापकाकांनी ठरवलं. ही खात्यातली पद्धत: आधी वजन तपासा, मग तराजू. ते प्लास्टिकचा डबा घेऊन पंपावर गेले.

"डब्यात देत नाही," पंपावरचा माणूस म्हणाला. "पोलीस ठाण्याचं पत्र आणा."

ठाण्यातल्या हवालदाराने डब्याकडे पाहिलं, मग काकांकडे.

"पेट्रोल कशाला हवंय?"

"जनरेटरला."

"जनरेटर कुठाय?"

"अजून घेतला नाही."

"मग पेट्रोल कशाला हवंय?"

मापकाकांनी घरगाडी, पंखा, मेहुणा असं सगळं क्रमाने सांगितलं. हवालदार सहानुभूतीने ऐकत होता, आणि ती सहानुभूती काकांना फारशी आवडली नाही.

"घरी काही भांडण वगैरे?"

"छे!"

"शेजाऱ्यांशी?"

इथे मापकाका, प्रामाणिक माणूस, क्षणभर थांबले. तेवढं पुरलं. पत्र मिळालं नाही. डबा ठेवून घेतला.


गॅस, पण कागदावर

गॅस एजन्सीतली मुलगी मान वर न करता म्हणाली, "सिलिंडर कुठल्या पत्त्यावर राहणार?"

"घरगाडीत."

"घरगाडीचा पत्ता?"

"ती फिरते."

"मग वाहन म्हणून नोंद आणा."

वाहन कार्यालयात सांगण्यात आलं की जिला इंजिन नाही ती वाहन नव्हे. इंजिन बसवलंत की या. काका म्हणाले, जनरेटर म्हणजे इंजिनच की. तिथल्या माणसाने विचार केला, पण फार वेळ नाही. जनरेटर म्हटलं की अग्निशमन, तो म्हणाला, आणि त्याने खिडकी लावून घेतली. गाडी धड घर नव्हती, धड वाहन नव्हती. मापकाकांना हळूहळू तिच्याबद्दल आपलेपणा वाटायला लागला.

अग्निशमन कार्यालयाच्या खिडकीमागे जो कारकून बसला होता तो एकेकाळी काकांच्या हाताखाली उमेदवारी करून गेला होता. तेव्हा 'साहेब' म्हणताना त्याचा घसा कोरडा पडे. काका ओळखीचं हसू घेऊन पुढे वाकले.

"काका," तो म्हणाला, "उद्या या."

काका म्हणाला! मापकाका बाहेरच्या बाकावर येऊन बसले. 'उद्या या' हे दोन शब्द त्यांनी स्वतः किती जणांना ऐकवले असतील, मोजदाद नव्हती. पण 'उद्या'ला इतके जिने असतात, ही माहिती त्यांना नवी होती.

घरी काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "अहो, तसेच जाऊ या ना. काही नेऊ नका."

"तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं," मापकाका म्हणाले.

काकूंनी रिकामा तांब्या उचलून आत नेला. बोर्डावर बसणाऱ्या बाईला एक गोष्ट पक्की कळते: पलीकडचा माणूस ऐकत नसेल तर लाइन धरून ठेवायची.


दोन्ही

शेवटी दुकानदाराने आतून एक यंत्र काढलं. गॅसवरही चालायचं, पेट्रोलवरही. समोर काळी मूठ, तिच्या तीन जागा: गॅस, पेट्रोल, बंद. मापकाकांचे डोळे भरून आले. न्याय म्हणतात तो हाच असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी यंत्र घरी आणलं.

इमारतीने ते यंत्र पाहिलं आणि दोन्ही पक्ष एका दिवसात एक झाले, काकांच्या विरोधात.

"म्हणजे तुम्हाला स्वतःचं मतच नाही," कर्नल म्हणाले.

"उत्तरपत्रिकेत कुणी दोन्ही पर्यायांवर खूण केली," मास्तरीणबाई म्हणाल्या, "की मी शून्य देत असे."

अग्निशमन अधिकाऱ्याचीही अडचण होती. दोन इंधनं म्हणजे दोन परवाने. पहिल्याची अट अशी की दुसरं इंधन जवळ नसावं, आणि दुसऱ्याची अट अशी की पहिलं नसावं. "एकावरच चालेल अशी काही व्यवस्था करा, बघू मग," तो म्हणाला. म्हणजे तो विषय संपवत होता.

पण मापकाका खुर्चीतून उठले ते तरुण होऊन. घरी आले, कपाटाच्या वरच्या खणातून सील ठोकायची पक्कड काढली. निरोप समारंभात लोकांना घड्याळ देतात. काकांनी ही मागून घेतली होती. मूठ गॅसवर फिरवली, तिच्या भोकातून तार ओवली, तारेच्या टोकांवर शिशाची गोळी ठेवली आणि पक्कड दाबली. कट्ट! इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकून त्यांच्या अंगावर काटा आला. आता मूठ पेट्रोलवर जाणार नव्हती. ती 'बंद'वरही जाणार नव्हती, हे जरा मागाहून लक्षात आलं. पण सिलिंडरची चावी फिरवली की यंत्र थांबणार होतं, तेव्हा हरकत नव्हती. अधिकाऱ्याने सील निरखलं, अंगठ्याने चाचपलं आणि शिक्का मारला. या सगळ्या प्रकरणात मापकाकांचं काम पाहून प्रभावित झालेला हा एकमेव माणूस.

"आणि गॅस संपला तर?" काकूंनी विचारलं.

"नाही संपत."

"पण संपलाच तर?"

"अगं, सील म्हणजे सील."

त्या शिक्क्यावर एजन्सीने सिलिंडर दिला आणि निघायच्या आदल्या सकाळी खाली चाचणी झाली. आवाजाची तक्रार करायला सारी इमारत उतरली आणि मग जाईना. कर्नलना दिवा लावून पाहायचा होता. मग हीटर लावून पाहायचा होता, कारण गॅसमध्ये जोर नाही हे त्यांना सिद्ध करायचं होतं. मास्तरीणबाईंनी गॅसच्या बाजूने पुरावा म्हणून इस्त्री आणली आणि पुराव्यादाखल चादरी इस्त्री केल्या. सेक्रेटरींनी लेखी हरकत नोंदवली आणि ती नोंदवेपर्यंत फोन चार्ज करून घेतला. मापकाका मधोमध उभे राहून यंत्रासारखेच थरथरत होते. वर गॅलरीत काकू दोन्ही कानांवर हात ठेवून उभ्या होत्या. काकांनी त्यांना हात केला.


रस्ता

गाडी चालवताना मापकाका काय काय बोलले ते इथे दिलेलं नाही. काकूंनीही ते ऐकलेलं नाही.


गॅस (संपला)

तळं सुंदर होतं. ते पाहायचं असेल तर दोन घरगाड्यांच्या फटीतून दिसत होतं.

कारण काठावर ओळीने घरगाड्याच घरगाड्या उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या शेजारी जमिनीवर एकेक जनरेटर चालू होता. छापखान्यात दिवाळखोरीच्या आधी शेवटची मोठी ऑर्डर चालू असावी तसा एकच अखंड खडखडाट होता. लोक एकमेकांशी ओरडून बोलत होते आणि त्यामुळे खेळीमेळीचं वातावरण होतं. चौकीदाराने बोट दाखवलं ती जागा ओळीच्या मधोमध होती. दुसरी? दुसरी नव्हती.

काकू गाडीतून उतरल्या आणि पिशवी हातात तशीच धरून उभ्या राहिल्या.

"सुरू करतो," मापकाका म्हणाले, कारण त्यांना दुसरं काही सुचेना. त्यांनी दोरी ओढली. यंत्र दोनदा खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा ओढली. सिलिंडर उचलून पाहिला. तो अगदी सहज उचलला गेला. आतला गॅस मास्तरीणबाईंच्या चादरींवर कडक घडी होऊन बसला होता.

"काका, पेट्रोल घ्या की!" शेजारच्या गाडीतून अर्ध्या चड्डीतले एक गृहस्थ आले. हातात भरलेला कॅन. "आपल्याकडे भरपूर आहे. मूठ फिरवा नुसती. अरे, हे काय बांधलंय?"

"सील आहे."

"तोडा मग."

"सील असं तोडत नाहीत," मापकाका म्हणाले. "वरिष्ठांचा हुकूम लागतो."

"मी देते हुकूम," काकू मागून म्हणाल्या. "मी वरिष्ठ."

मापकाकांनी पक्कड घेतली. तार पात्यांमध्ये आली. सील तोडलं म्हणून त्यांनी माणसांवर खटले भरले होते. एक लोणीवाला तर त्यांच्यासमोर रडला होता. हात काही दाबेना. गृहस्थ वाट पाहत होते. कॅन वाट पाहत होता.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "एवढे चालू आहेत, त्यांत आपला एक नसला तर तेवढंच."

रागाने म्हणाल्या असत्या तर काही वाटलं नसतं. रागावर मापकाकांकडे उत्तरं तयार असत. हा आवाज निराळा होता. तो बोर्डावरचा होता. लाइन मिळणार नाही हे माहीत असताना, पलीकडच्याला दुखवायचं नाही म्हणून लावायचा. काकू आत गेल्या. दार लागलं. मग खिडकी लागली. मापकाकांनी काचेतून पाहिलं: काकू पलंगावर कुशीवर पडल्या होत्या, कानावर उशी, डोळे सताड उघडे. त्या भिंतीकडे पाहत होत्या, आणि भिंतीचा पत्रा शेजारच्या यंत्राच्या तालावर थरथरत होता.

परवा ड्रम येणार होता. मग पुन्हा असे दोन दिवस कधी, हे कुणीच सांगू शकत नव्हतं.




बंद

त्यांनी शर्ट पँटमध्ये खोचला. गळ्याचं बटण लावलं. भांगावरून हात फिरवला आणि ओळीच्या टोकाच्या गाडीपाशी जाऊन उभे राहिले.

"तपासणी," ते म्हणाले.

माणूस निवृत्त होतो, आवाज होत नाही. आरामखुर्चीतला माणूस वर्तमानपत्र टाकून उभा राहिला.

"कसली तपासणी, साहेब?"

साहेब म्हणाला. मापकाकांनी ते मनात ठेवून घेतलं.

"यंत्र बंद करा आधी. इंधन कुठलं?"

"पेट्रोल."

"हं," मापकाका अशा स्वरात म्हणाले की तो माणूस पेट्रोलबद्दल कायमचा साशंक झाला. "परवाना?"

"परवाना लागतो?"

"तेच तर," मापकाका म्हणाले, आणि हे त्यांनी अगदी मनापासून म्हटलं. न मिळणाऱ्या परवान्यांबद्दल त्या काठावर त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मग किती वेळ बंद ठेवायचं, साहेब?"

"कळवण्यात येईल."

पुढची गाडी. पुढची. गॅसवाले म्हणाले, आमचा गॅसवरचा आहे, त्याला परवाना लागत नसेल. मापकाकांनी त्यांच्याकडे फक्त पाहिलं. एका बाईंनी भात होईपर्यंत मुदत मागितली. ती नामंजूर झाली. आपण करतोय तो गुन्हा आहे हे काकांना माहीत होतं. अधिकार नसताना अधिकारी म्हणून वावरणं, त्याचं कलम आणि शिक्षा दोन्ही त्यांना पाठ होती, कारण बाजारात एका तोतया निरीक्षकाला त्यांनी स्वतः पकडून दिलं होतं. त्या माणसाचे कान तेव्हा लाल झाले होते. आता त्यांना स्वतःचे कान गरम लागत होते, पण पाय थांबत नव्हते.

अर्ध्या चड्डीतले गृहस्थ वाटेत आले. "अहो काका, पण तुम्ही तर आत्ता दोरी ओढत—"

"पाहणी करत होतो."

"सील—"

"पाहिलंत ना?" मापकाका म्हणाले. "ते उगाच लावतात का?"

गृहस्थ मुकाट वाकले आणि त्यांनी यंत्र बंद केलं.

शेवटचा जनरेटर ओळीच्या दुसऱ्या टोकाला होता. तो थांबला तेव्हा आधी काहीच ऐकू येईना, कानच गेले असं वाटलं. मग काठाच्या दगडांवर पाणी आपटल्याचा आवाज आला. कुणीतरी चमचा खाली ठेवला. इतका वेळ ओरडून बोलणारे लोक एकदम दचकून कुजबुजायला लागले, आणि मग तेही थांबले. पलीकडच्या काठावर एक पक्षी काहीतरी म्हणत होता. बहुधा सकाळपासून म्हणत असावा.

मापकाका परत आले तेव्हा दार उघडं होतं. काकू पायरीवर बसल्या होत्या, उशी मांडीवर. त्यांनी थोडं सरकून जागा केली. मापकाका बसले. 

"काय केलंत तुम्ही?" काकूंनी विचारलं.

असा प्रश्न मापकाकांना कुणी विचारून जमाना झाला होता.

"अगं, ऐक तर. पहिला होता ना, तो मला साहेब म्हणाला. मी म्हटलं, इंधन कुठलं? तो म्हणाला पेट्रोल. मी नुसतं हं म्हटलं, बरं का, नुसतं हं. मग त्या भातवाल्या बाई. आणि गंमत सांगू का, या ओळीत गॅसवाले किती आणि पेट्रोलवाले किती ते मी जाता जाता मोजलंय, म्हणजे कर्नलला आता मी—"

काकू तळ्याकडे पाहत होत्या. मान किंचित कलली होती, फार वर्षांनी साफ लाइन मिळाल्यावर कलावी तशी.

मापकाका आणखी थोडं बोलले. मग बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की साऱ्या काठावर आता एकच यंत्र चालू आहे, आणि त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.